साडेतीनची गाडी आणि मानसशास्त्र

तिसरा चहा संपला तेव्हा मला वाटलं, हे घर आता आपलं झालं. तासभर मी मन, मेंदू, ताणतणाव असं सगळं बोलले होते. नुकत्याच बारावी झालेल्या प्रज्ञाचे वडील मधुकरराव, गवंडीकाम करणारे, ओसरीवर मांडी घालून मान हलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, तास सुटतो कधी?"

"चारला."

"मंग न्हाई जमत. आमची गाडी साडेतीनला हाय. त्याच्यामागची अंधार पडल्यावर येती."

झालं! तासभराचं भाषण पाण्यात.

मी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात आम्ही प्राध्यापक गावोगाव विद्यार्थी गोळा करत हिंडतो. त्याला प्रवेश मोहीम म्हणतात. विषयाला पोरं नसली की वर्कलोड भरत नाही, म्हणजे शिकवायला पुरेसे तास मिळत नाहीत. वर्कलोड नाही म्हणजे आपण सरप्लस, बदली कुठं होईल सांगता येत नाही. माझ्या वर्गात पोरं इतकी थोडी असायची की हजेरीसाठी नावं पुकारायची गरजच नसे. कोण आलं नाही ते दारातूनच दिसायचं.

हिंगोली जिल्ह्यातलं, हट्टा गावाच्या अलीकडचं हे खेडं. खरं तर प्रज्ञाला समजावण्याची काही गरज नव्हती. मी निघाले तेव्हा ती चप्पल अडकवून रस्त्यापर्यंत सोबत आली.

"मॅडम, माझी आत्या दोन सालापासून बोलत न्हाई. भिंतीकडं बघत बसती. कुणी म्हणतं बाहेरचं हाय, कुणी म्हणतं ढोंग करून राहिली. मला कळायला पायजे, ती अशी काहून झाली."

हा विषय का घ्यायचाय, याचं असं उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. नोकरी राहो न राहो, ही पोरगी माझ्या वर्गात आली पाहिजे, असं मी गाडीला किक मारता मारता ठरवून टाकलं.

आमच्याकडे वेळापत्रक बनवतात जाधव सर. त्यांचा विषय शिक्षणशास्त्र. पुढं बी.एड. करून मास्तर होता येतं म्हणून लोक तो घेतात. त्यांचे तास सकाळी आणि माझे सगळ्यात शेवटी.

"सर, माझे तास सकाळी घ्या की."

"मॅडम, वेळापत्रक शास्त्रीय पद्धतीनं बनलंय. सकाळी मेंदू ताजा असतो."

"म्हणजे माझ्या विषयाला शिळा मेंदू चालतो?"

सर हसले, घड्याळाकडे बघितलं आणि बॅग उचलून निघाले. सर नांदेडहून अप-डाऊन करतात. दुपारची रेल्वे त्यांना गाठायची असते. शास्त्र ते एवढंच! सरांना रेल्वे सापडावी म्हणून शिक्षणशास्त्र सकाळी, सकाळी असल्यामुळे पोरींना एसटी सापडते, एसटी सापडते म्हणून पोरी शिक्षणशास्त्र घेतात. आणि दर गॅदरिंगला सर माइकवरून सांगतात, आपल्या भागात अध्यापनाची उपजत ओढ आहे. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं.

"सर, शनिवारचं तुमचं सगळं काम मी बघते. तुम्ही शनिवारी येऊच नका. फक्त आपल्या तासांची अदलाबदल करा, बाकीचे दिवस संध्याकाळच्या रेल्वेनं जा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तसं बघितलं तर मॅडम, दुपारीही मेंदू बरा चालतो."

प्राचार्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या दोघांत भांडण नाही ना? मग करा."

जून-जुलैत माझा वर्ग असा भरला की शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणावी लागली. स्वागत समारंभात प्राचार्य म्हणाले, मानसिक आरोग्याबाबत आपला तालुका जागा झाला आहे. मला मोठं कौतुक वाटलं तालुक्याचं. पहिल्या तासाला मी विचारलं, "हा विषय का घेतलात?"

पहिल्या बाकावरची पोरगी उठली. "मॅडम, साडेतीनची गाडी सापडती."

मागच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

त्यांच्यात प्रज्ञा नव्हती. ती दारात उभी होती, वडिलांसोबत, डोळे सुजलेले. मानसशास्त्र चारला सुटतं असं मीच सांगितलं होतं, आणि तास बदलल्याचं तिच्या घरी कळवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. तेच धरून मधुकररावांनी तिचा प्रवेश शिक्षणशास्त्राला करून टाकला होता. आणि आता शिक्षणशास्त्र चारला सुटत होतं.

"मॅडम, तुमी तास हलवले अन् माझं लेकरू मधीच लटकलं. आता काय घरी बसवू हिला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच बाहेर!

विषय बदलाचा अर्ज मी स्वतः लिहून घेतला आणि स्वतः नेला. त्यावर आधीच्या विषयाच्या प्राध्यापकांची सही लागते. जाधव सरांचा वर्ग तोवर चांगलाच आटला होता. एक पोरगी सोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं.

"उद्या बघू, मॅडम."

"बघा सर, सावकाश बघा. शनिवारी येताय ना मग तुम्ही?"

सरांनी उभ्या-उभ्या सही केली. पेनही माझंच वापरलं.

प्रज्ञा वर्गात आली. आल्याबरोबर तिनं घरात भांडण काढलं आणि आत्याला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीनंतर एकदा ती आत्याला घेऊन मला भेटायला आली. आत्या रिकाम्या वर्गात बाकावर बसली आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. प्रज्ञा तिला काय काय सांगत होती, ही आमची मॅडम, इथं मी बसती. मीही जवळ बसून चार गोष्टी विचारल्या. तिची नजर भिंतीवरून हलली नाही. माझं सगळं शिक्षण त्या बाकापाशी संपलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्याच भिंतीवर वर्गाचं घड्याळ होतं. सव्वातीन होऊन गेले होते.

"पोरी," आत्या म्हणाली, "गाडी जाईल ना आपली."

प्रज्ञा तोंडावर हात धरून तशीच उभी राहिली. मग हसायला लागली, मग रडायला. आत्यानं तिला दंडाला धरून ओढलं. आम्ही तिघी स्टँडकडं पळत सुटलो. गाडी सापडली.

विषय निवडताना स्वतःचा कल बघावा, असं मी मार्गदर्शन शिबिरात अजूनही सांगते. फक्त शिबिराला जायच्या आधी स्टँडवरचा गाड्यांचा बोर्ड वाचून जाते.