अक्काचे समुद्रातले पिंजरे

अक्काचे घरमालक रंगण्णा यांचा फोन आला तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात होतो. "अण्णा, अक्का सकाळी उठल्याच नाहीत…" एवढंच ते बोलले. राजाजीनगरला तिच्या घरी पोचेपर्यंत त्या वाक्याचा दुसरा काही अर्थ निघतो का, ते मी शोधत राहिलो.

शारदाअक्का माझी चुलत बहीण. समुद्र नसलेल्या या शहरात बसून तिनं जन्मभर समुद्राचंच काम केलं. खोल समुद्रात मासे वाढवायचे तरंगते पिंजरे ती तयार करायची. वर पोकळ नळ्यांचं मोठं कडं, त्याला लोंबणारं जाळं, तळाशी वजन. तिनं लग्न केलं नव्हतं. तिच्या बोलण्यातलं मला निम्मंच कळायचं, पण ऐकायला दुसरं होतं कोण?

वादळ आलं की नळ्यांत पाणी घेऊन पिंजरा लाटांखाली न्यायचा, नंतर हवा भरून वर आणायचा, ही तिची कल्पना. कारवारच्या पुढे समुद्रात पहिली चाचणी झाली आणि पिंजरा बुडताना एका बाजूला कलला. जाळं दुमडलं, आतले मासे गुदमरून मेले. परत आली ती जेवेचना. "हवा सगळी वरच्या बाजूला पळाली रे… मला कळायला हवं होतं." तिची कंपनी हे काम बंद करायला निघाली होती. अक्कानं नळीला आतून बंद कप्पे केले, हवा जिथल्या तिथे राहावी म्हणून, आणि साहेबांच्या मागे लागून आणखी एक संधी मिळवली.

पुढच्या वादळात पिंजरा खाली गेला. समुद्र निवळेपर्यंत ती किनाऱ्यावरच्या खोलीत एकटी बसून होती. मग फोन आला. "आला वर. सरळ आला. मासे जिवंत आहेत."

"अक्का, आता कुणाबरोबर तरी गोड खा."

ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, तू आलास की खाऊ."

आम्ही दोघांनीच मैसूरपाक संपवला.

तेराव्यानंतर घर आवरायला गेलो. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत ताटाएवढा एक पिंजरा तरंगत होता. मी त्याची कड बोटानं दाबली. तो कलला, डुलला, हळूहळू सरळ झाला. पुन्हा दाबली…

रंगण्णा जिन्यात उभे होते. "अण्णा, टाकीतलं पाणी सोडू?"

"स्वल्प थांबा," मी म्हटलं.

इतके आठवडे झाले, रंगण्णा अजून थांबलेत; पाणी टाकीतच आहे.