उसन्या लाटा

दवाखान्यात तिला सगळे मापवाल्या ताई म्हणत. गळ्यात शिंप्यासारखी टेप, कानावर खोचलेली तांबडी पेन्सिल, आणि समोर जे डोकं येईल त्याचं माप. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग खुणा करायच्या, खुणेखुणेवर कातडी घासायची, तिथे पांढऱ्या चिकट मलमाने इवल्या इवल्या वाट्या बसवायच्या. त्यांच्या वायरी यंत्राला जोडल्या की मेंदूत काय चाललंय ते पडद्यावर रेघांनी उमटू लागायचं. "ताई, माझ्या मनातलं दिसतं का हो यात?" असं दर दुसरा रुग्ण विचारायचा. "दिसतं ना. तुम्हाला घरी पळायचंय," हे तिचं ठरलेलं उत्तर.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. मेंदूतली वीज अगदी नगण्य, तिच्यावर कुणीही कुरघोडी करतं. रुग्णाने पापणी मिटली तरी पडद्यावर डोंगर उठतो. दात आवळले की काट्यांचं झुडूप. पलंगाला धक्का लागला, वायर हलली, शेजारून कुणी चालत गेलं तरी लाट येते आणि ती थेट मेंदूतून आल्यासारखी दिसते. अशांना ती उसन्या लाटा म्हणायची. शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायची, "लाट दिसली म्हणून हुरळून जायचं नाही. आधी बघायचं, खोलीत कोण हललं."

जन्मभर माणूस एकच काम करतो तेव्हा ते काम त्याच्या पाठोपाठ घरी येतं. तिचंही तसंच झालं. कुणी काही अद्भुत सांगू लागलं की ही मनातल्या मनात खोलीत कोण हललं ते शोधायची. अशा बाईचं कुणाशी फार जमत नाही. लग्न जमलं नव्हतं, आणि त्याचं तिला दुःख होतं असंही नाही. घरी आई होती, धाकटा भाऊ होता. वडील कधीच गेले होते.

अद्भुत सांगणारी घरात एकटी आईच. धाकट्याच्या बाळंतपणात तिला अतोनात रक्तस्राव झाला होता, डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते. "अन् मी वर गेले," आई सांगायची. "छताला जाऊन टेकले. खाली पलंगावर मीच पडलेली, पांढरीफटक. डॉक्टरांचं टक्कल दिसलं मला, पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसली. दुखणं नाही, भीती नाही. परत यावंसंच वाटेना. मग हा रडला. हा रडला आणि मी सर्रकन खाली आले."

हा म्हणजे धाकटा. घरात त्याला छोट्या म्हणत, चांगला दाराएवढा झाला तरी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाचं नाव काढलं की म्हणायचा, सध्या दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय. आणि आईची गोष्ट रंगात आली की हमखास म्हणणार, "वर गेलीस आणि लिफ्टवाल्याला विचारलंसुद्धा नाहीस?" आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची. त्या घरात जे काही हसू होतं ते बहुतेक त्याचंच होतं.

एकदा दवाखान्यात एका शाळामास्तरांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होती. त्यांना झटके यायचे, आणि झटक्याची जागा सापडावी म्हणून त्यांना जागं ठेवलं होतं. डॉक्टर मेंदूवर ठिकठिकाणी अगदी हलका विजेचा प्रवाह देऊन बघत होते, ही रेघा नोंदवत होती. कानाच्या वर, जरा मागे, एका जागी प्रवाह दिला आणि मास्तर म्हणाले, "अहो, मी दिव्यापाशी आलो. खाली माझे पाय दिसतायत." प्रवाह थांबवला. "आलो खाली." पुन्हा दिला. "परत गेलो."

नंतर मेंदूच्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. कातडीला लागणारा स्पर्श, कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं, या तिन्हींची गाठ मेंदू त्या जागी मारतो. त्या गाठीमुळे आपल्याला कळतं की मी इथे आहे, या अंगाच्या आत आहे. ती सैल झाली की मेंदू गोंधळतो, अंदाजपंचे हिशेब करतो आणि माणसाला छतावर नेऊन ठेवतो. रक्त कमी पडलं, प्राणवायू कमी पडला, तरी ती सैल होऊ शकते. काही जणांच्या मेंदूत तर मरतेवेळी एक जोरदार उसळी नोंदली गेली आहे, विझता दिवा मोठा होतो तशी. त्या उसळीत माणसाला काय दिसतं, किंवा काही दिसतं की नाही, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, असंही डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन जेवताना तिने हे सगळं आईला सांगितलं. हातातला घास हातातच राहिला, इतक्या उत्साहाने.

"म्हणजे मी खोटं बोलते?" आई म्हणाली.

"खोटं नाही गं. दिसलं ते तुला दिसलंच. पण सगळं डोक्याच्या आत. तू कुठंच गेली नव्हतीस."

"मग पंख्यावरची धूळ?"

"कुणाच्या पंख्यावर धूळ नसते, आई?"

धाकटा खो खो हसला. आई हसली नाही, ताट उचलून आत गेली. त्यानंतर ती गोष्ट तिने घरात कधी काढली नाही. हिला वाटलं, पटलं असेल. शहाण्या माणसांना असंच वाटतं.

मग एका सकाळी धाकटा लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत कोसळला. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. सोबतच्या माणसाने त्याला आणलं ते नेमकं तिच्याच दवाखान्यात, पण शस्त्रक्रियेने काही होण्याच्या पलीकडे तो गेला होता. श्वास यंत्र देत होतं. छाती वरखाली होत होती, हात गरम होते, गालावर दाढीचे खुंटसुद्धा वाढत होते. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, दुसऱ्या डॉक्टरांकडून करवून घेतल्या, आणि आईला शेजारी बसवून सांगितलं की त्याचा मेंदू संपलाय, जे चाललंय ते यंत्राचं चाललंय, आता ते थांबवलेलं बरं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही डॉक्टर आहात, तुमचं खरं असेल," ती म्हणाली. "पण हिच्या यंत्रात डोक्यातलं दिसतं ना? हिने बघून सांगू दे. ही म्हणाली काही नाही, तर मी नाही म्हणायची नाही."

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "तुम्ही करू नका. मी बाहेरून कुणाला तरी बोलावतो."

"दुसऱ्या कुणावर आई विश्वास ठेवणार नाही," ती म्हणाली. आपणही ठेवणार नाही, हे तिने सांगितलं नाही.

तिने धाकट्याच्या डोक्याचं माप घेतलं. केसांना लिफ्टच्या ग्रीसचा वास होता. लहानपणी दाराच्या कडीवर आपटून झालेली खोक टेपखाली लागली, तशी ती थबकली आणि मग खूण जरा सरकवून केली. आई खुर्चीवर बसून छताकडे बघत होती. "वरच असेल तो," ती पुटपुटली. "मीही होते."

वाट्या बसल्या. आधी एकेका वाटीला बोटाने टिचकी मारून बघायची असते. पडद्यावर लाट उठली की वायर ठीक आहे. सगळ्या ठीक होत्या. मग यंत्राचे कान शक्य तेवढे तीक्ष्ण केले आणि तिने सगळ्यांना पलंगापासून मागे सरायला सांगितलं. रेघा आडव्या पडल्या. मधूनमधून हृदयाच्या ठोक्याचा बारीक दात तेवढा दिसायचा. डॉक्टरांनी कानाशी टाळी वाजवली, नखावर जोरात दाबलं. काही नाही. आता रुग्णाला नावाने मोठ्याने हाक मारायची, हाही तपासणीचाच भाग. ती आईकडे वळली.

"आई, तू मार हाक."

आई उठून पायथ्याशी उभी राहिली. "त्याने बोलावलं तेव्हा मी आले होते," ती म्हणाली. "मी बोलावल्यावर तो येणार नाही, असं कसं होईल?" आणि तिने वर बघून हाक मारली. "छोट्या! अरे छोट्या, खाली ये! आई बोलावतेय रे!" बाहेर जाणारी-येणारी माणसं जागच्या जागी थांबली. आईने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. रेघा हलल्या नाहीत. मग तिला राहवेना. ती उशाशी गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी झोपवायची तशी थोपटायला लागली.

पडद्यावर लाटा उठल्या. मोठ्या, संथ, एकामागून एक, सगळ्या रेघांवर.

"आला!" आई ओरडली. "बघ, आला गं! बघ तुझ्या यंत्रात!"

खोलीत कोण हललं होतं हे लेकीला दिसत होतं, डॉक्टरांनाही दिसत होतं. आणि तरीही, पोरींना न हुरळण्याचे धडे देणारी ती, एक क्षण वेड्यासारखी हुरळली. छातीत आनंद नुसता उसळला. दुसऱ्या क्षणी तो गेला, आणि तो गेल्यावर जे उरलं ते सोसण्यासारखं नव्हतं.

"आई, हात काढ."

"का?"

"काढ ना गं."

आईने हात उचलला. रेघा आडव्या झाल्या. आईने हात ठेवला, लाटा आल्या. पुन्हा उचलला. पडद्याकडे आणि आपल्या हाताकडे ती आळीपाळीने बघत राहिली.

"तो नाही, आई. तो तुझा हात आहे."

मग आईने विचारलं, "तू म्हणाली होतीस, वर कुणी जात नाही. जे असतं ते डोक्याच्या आतच असतं. आणि आत काही नाही म्हणतेस. मग माझं लेकरू आहे कुठं?"

लेकीला उत्तर ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढणं शक्य नव्हतं.

"वर आहे, आई," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, थकून. "तू नको गं म्हणूस. दुसरं कुणी म्हणालं असतं तर खरं वाटलं असतं." तिने धाकट्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, हात काढून पदरात घेतला आणि डॉक्टरांना म्हणाली, "बंद करा."

थोड्या वेळाने हृदयाचा तो बारीक दातही रेघांवरून गेला. आईला धरून बाहेर नेलं. वाट्या काढणं आणि केसांतलं मलम धुणं हे तिचंच काम, ते ती दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हती. एरवी आधी रेघांचं यंत्र बंद करायचं, मग वाट्या काढायच्या, अशी तिची शिस्त. आज तिने यंत्र चालू ठेवलं. कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि त्याच्या केसांत बोटं घातली.

पडद्यावर लाटा आल्या. त्या कुणाच्या आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बोटं थांबली की त्या थांबायच्या. मग ती पुन्हा बोटं हलवायची.

दारातून नर्सने विचारलं, "ताई, झालं का?"

एकही वाटी निघाली नव्हती. "आणखी थोडं राहिलंय," ती म्हणाली आणि केसांतून हात फिरवत राहिली.