कानातली रुई

मी कानांत रुई कोंबली. चांगली, लांब धाग्याची, चिमटीत ओढून पाहिलेली. अकोल्याच्या एका जिनात कापूस पारखण्यात उमर गेली होती, तेव्हा स्वतःच्या कानांत हलका माल कसा घालणार?

जिनात सरकी वेगळी करणारे रेचे दिवसभर धडधडत. माणसाला माणसाचं ऐकू येत नसे, म्हणून आम्ही सारे हातांनी बोलायचो. मूठ आवळली की 'थांब', तळवा वर केला की 'समजलं'. त्या धडधडाटात मी कापसाच्या गाठीला टेकून डुलक्याही काढल्या आहेत. आणि नोकरी संपल्यावर बायकोच्या एका प्रश्नानं मला रडकुंडीला आणलं.

"आमच्या घरचे आले काय?"

'घरचे' म्हणजे मीच, आणि हे ती मलाच विचारायची. तोंडापुढं उभा असलेला नवरा तिला चेहऱ्यानं कधी पटे, कधी नाही. आवाज मात्र ओळखीचा होता. "आलो ना, मीच हाये," म्हटलं की तिचे खांदे सैल पडत. मग ती भांड्यांच्या फळीकडं वळे, एकेक भांडं खाली उतरवी, पुन्हा चढवी. पत्र्याची पेटी ओढून दारापर्यंत आणी, परत नेई. शेजारच्या रेडिओवर गाणं सुरू झालं की कान झाकून घरभर फिरे. आणि पुन्हा तोच प्रश्न.

डॉक्टर म्हणाले, मेंदू वाळत चाललाय, उपाय नाही. कल्ला होऊ देऊ नका, त्या बिथरतील. मी विचारलं, "अन् मी बिथरलो तं?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

मुलगी अमरावतीला दिलेली. तिच्या हट्टानं आम्ही काही दिवस तिथं राहून पाहिलं. भरलं घर, पाचपंचवीस ताटं, खाली पिठाची चक्की. ही अंथरुणांच्या ढिगामागं जाऊन बसली, डोक्यावरून पदर ओढला आणि जेवायलाही बाहेर येईना. ओढून काढलं तर थरथरायची. मग मीच पिशवी भरली.

मुलगी एसटीपर्यंत आली. म्हणाली, "बाबा, तुमाले एकट्याले जमन काय?"

"तिले माझा आवाज पायजे, बाकी काई नाई," मी म्हटलं. "जिनात उमर काढली हाये मी. एका बाईच्या बोलण्याले भितो काय?"

अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी परतल्यावर ही शेखी महिनाभरही पुरली नाही. एका सकाळी ती भांडी उतरवत होती, पेटी दारात आडवी होती, दूध उतू गेलेलं, आणि प्रश्न चालूच. मी हातातला लोटा भिंतीवर भिरकावला. ती भिंतीला चिकटली. घाबरून माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "आमच्या घरचे आले काय?"

दुसरा लोटा तिलाच लागेल, या भीतीनं मी रुई काढून कानांत कोंबली.

काय शांतता ती. भांडी आता जणू मऊ पिठात पडत होती. तिचे ओठ हलले की प्रश्न आला असं धरायचं आणि जिनातल्या सवयीनं तळवा वर करायचा. उत्तर दिलं, असं मी खुशाल समजत होतो. ही बाई जिनाच्या आत कधी आलीच नव्हती, दारातून डबा देऊन परत जायची, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चार दिवस असे सुखाचे गेले. ती माझ्यापासून दूर, कोपऱ्यात बसू लागली होती. मला वाटलं, गुण येतोय.

पाचव्या दिवशी दुपारी डुलकीतून जागा झालो तर दार सताड उघडं. शेजारीण अंगणातून तोंड हलवत होती. एका कानातला बोळा काढला तेव्हा ऐकू आलं, "डबा घेऊन जिनाकडं गेल्या तुमच्या बाई. मी हाक मारली, थांबल्याच नाईत."

चपला न घालताच धावलो. हंगाम संपला होता, जिन बंद होतं. फाटकाशी चौकीदाराच्या बाकावर ती बसलेली, मांडीवर डबा. झाकण निसटलं होतं आणि आत कोरडं ज्वारीचं पीठ होतं, वर एक कांदा.

चौकीदार मला ओळखत होता. "बाबूजी, बाई घरी चला म्हटलं तं उठत नाईत. घरात कोनी परका मानूस येऊन बसला म्हनतात."

दुसरा बोळा काढून मी मुठीत धरला आणि तिच्यापुढं बसलो. म्हटलं, "मीच हाये. आलो ना मी." हेच वाक्य इतकी वर्षं पुरलं होतं. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. खांदे सैल पडले नाहीत. डबा छातीशी धरून ती चौकीदाराकडं वळली.

"हाच तो, भाऊ. ठार बहिरा हाये. नुसता हात वर करून बसते. याले हाकला इथून, अन् आमच्या घरच्याइले बाहेर बोलवा."