ओट्याखालचा प्लंबर

आई तिला वकिलीणबाई म्हणायची. पोर दहावीतली, पण कुठल्याही प्रश्नाला उत्तर जिभेवर तयार. वर्गात तिने सांगून ठेवलं होतं की बाबा सैन्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सदैव सीमेवर असतात. प्रत्यक्षात बाबांना सैन्यातून घरी परतून बरीच वर्षं झाली होती, आणि ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीनवर उशांचे अभ्रे शिवायचे. माणूस गरीब स्वभावाचा. फक्त कुठे काही आपटलं की ते थेट ओट्याखाली, सिलिंडरशेजारी जाऊन बसायचे. म्हणून त्या घरात भांडीसुद्धा झोपलेल्या बाळासारखी अलगद ठेवली जात.

पण वरच्या मजल्यावरच्यांना हे कोण सांगणार? एका दुपारी वर कुणीतरी लोखंडी पेटी आपटली. बाबा ओट्याखाली गेले न गेले तोच दारात वर्गातली मैत्रीण हजर. अभ्यासाला आलेली, तहान लागली म्हणून सरळ स्वयंपाकघरात शिरली. ओट्याखालून दोन पाय बाहेर आले होते, थरथरत होते.

"हे कोण गं?"

"प्लंबर," वकिलीणबाई म्हणाल्या. "नळ गळतोय ना."

नळ गळत होता हे खरं. खोटं बोलताना पुरावा हाताशी ठेवायची तिची पद्धतच होती.

ओट्याखालचे पाय आत ओढले गेले. मग पाइपावर ठक ठक झालं. बाबा रांगत बाहेर आले, बाहीने घाम पुसला आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "वायसर गेलाय, ताई. नवा घेऊन येतो."

आणि चपला हातात घेऊन स्वतःच्याच घरातून निघून गेले.

मैत्रीण चांगली संध्याकाळपर्यंत बसली. वकिलीणबाईंना एक गणित धड सुटलं नाही. जाता जाता मैत्रीण परत वर आली आणि सांगून गेली, तुमचा प्लंबर जिन्यात बसलाय, पाणी तरी द्या बिचाऱ्याला.

ती पाणी घेऊन गेली. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, भांडणाची तिची तयारी होती. त्यांनी पेला रिकामा केला, घरात येऊन खिशातला वायसर काढला, बसवला, नळ उघडून बंद करून पाहिला.

"आता गळायचा नाही," ते म्हणाले. "तेव्हा पुढच्या वेळी मी कोण, ते आधी ठरवून ठेव."

वकिलीणबाई नळाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यातून थेंबही पडेना.