चांद्याहून मार्कंड्याला, दोन सायकलींवर

जायचं ठरलं ते डॉक्टरांच्या एका वाक्यावरून. नागपूरच्या दवाखान्यात त्यांनी यांच्या छातीचा फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही बरे आहात. इतरांसारखे राहा."

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि गडचिरोली हे चांदा जिल्ह्यातलंच एक गाव होतं. हे चांद्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यातलं दीड वर्ष क्षयानं खाल्लं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं नवीनच निघाली होती म्हणून माझं कुंकू राहिलं, असं माझी आई म्हणायची. मी मात्र डॉक्टरांचं वाक्य ऐकलं आणि मानेनं हो म्हटलं, एवढंच. माझा विश्वास बसला नव्हता.

यांचा बसला होता. परतीच्या गाडीतच म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत मार्कंड्याला जाऊ. सायकलनं."

मार्कंडा म्हणजे वैनगंगेच्या काठावरचा जुन्या देवळांचा समूह. आज तुम्ही चंद्रपूरहून सकाळी गाडीनं निघालात तर दुपारच्या जेवणाला परत याल. आम्हाला आठ दिवस लागले. सायकल मला येत होती. लग्नाआधी भावाच्या सायकलीवर शिकले होते, आणि चांद्यात सायकल चालवणाऱ्या ज्या दोन-तीन बायका होत्या त्यांत मी एक. तरी मी अडून बसले. शेवटी तडजोड झाली. मूल गावापर्यंत छोट्या रेल्वेनं जायचं, सायकली गार्डाच्या डब्यात टाकायच्या आणि खरा प्रवास मूलपासून करायचा. ओळखीची माणसं विचारत, "वाघाचं काय?" मला वाघाची भीती नव्हती. माझ्या पिशवीत थर्मामीटर होता, मधाची बाटली होती, दोन स्वेटर होते आणि बारा पांढरे रुमाल होते. पांढरे का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पांढऱ्यावर रक्त लगेच दिसतं.

मूलच्या स्टेशनात उतरलो तेव्हा हवेत नव्या तांदळाचा वास होता. गिरण्या सुरू झाल्या होत्या. हलकं धान कापून झालं होतं आणि भारी धान अजून लोंबीत उभं होतं. फलाटावर पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आम्हाला दोन सायकली उतरवताना पाहिलं.

"काऊन हो मास्तर, बाईले पण सायकलीवर घेऊन जाऊन राह्यले का?"

"मी कुठला नेतो भाऊ," हे म्हणाले, "तीच मला घेऊन चालली."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. ठसक्याचा आवाज ऐकून माझी मान आपोआप यांच्याकडे वळली. हे मजेत टायरमधली हवा बघत होते.

मूलला धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सावली नावाच्या गावाच्या रस्त्याला लागलो. असा रस्ता सायकलवाल्याला नशिबानंच मिळतो. चढ नाही, दोन्ही बाजूंना बांधापर्यंत सोनेरी पिवळं धान, मध्येच एखादा तलाव, तलावात पांढरी कमळं. रस्ता मुरमाचा. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमधली पट्टी धरून चाललं की सायकल छान पळते. या भागात जायचं असेल तर हेच दिवस निवडा. पावसाळ्यात नाले अडवतात आणि उन्हाळ्यात ऊन.

मी मात्र धान कमी आणि यांची पाठ जास्त पाहिली. दर मैलाला मी "थांबू या का?" विचारत होते. सावली गावात चहा घेताना यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. हॉटेलवाल्यानं तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी दिली. हे चार भाकरी खाऊन गेले. मी त्यांचे घास मोजत बसले आणि माझी भाकर गार झाली.

वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. डोंग्यातून नदी ओलांडावी लागे. माणसाचा एक आणा, सायकलीचे दोन. नावाडी म्हणाला, "सायकली आडव्या टाका बाई, अन् मधात बसा. नदी उतरली आता, काई डर नाई." पाणी स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती. यांनी पाण्यात हात सोडला. मी म्हटलं, "गार आहे, सर्दी होईल." त्यांनी हात काढून घेतला.

गडचिरोली तेव्हा लहानसं गाव. एका ओळखीच्या शिक्षकांकडे उतरलो, एक दिवस आराम केला. तो आराम मीच लादला होता.

मग चामोर्शीचा रस्ता. वीस मैल, आणि बराचसा जंगलातून. सागाची पानं पिवळी पडायला लागली होती, मोह आणि तेंदू हिरवेगार होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सहा-सात मैल गेल्यावर एक लहान चढ आला. हे चढ चढून वर थांबले आणि हांफत उभे राहिले. मी सायकल टाकली, धावत गेले, त्यांचं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागले.

त्यांनी हात हिसडला.

"सुमन, पुरे. चढ चढला की कुणीही हांफतो. तू नाही हांफत?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? डॉक्टर सांगतात मी बरा आहे. शाळा सांगते. आरसा सांगतो. एक तूच आहेस जी मला रोज आजारी करतेस."

लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्यावर असे ओरडले. मग त्यांनीच आवाज खाली आणला. "तू पुढे जा. मी येतो मागून. तासभर तुझी नजर पाठीवर नको."

मी पुढे गेले. रागानं पाय आपोआप जोरात चालत होते. पाच मैल मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एका तलावाशी ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, पाच-सहा घरं होती. तिथे थांबले. एक बाई अंगणात शिंगाड्यांचा ढीग घालून निवडत बसली होती. तिचं नाव काशीबाई.

"एकल्याच? मालक कुठी हाय तुमचे?"

"येताहेत मागून."

तिनं पाणी दिलं, ओंजळभर शिंगाडे दिले. मी सोलून खाल्ले. अर्धा तास गेला. राग उतरला. आणखी अर्धा तास गेला. गडचिरोलीकडून दोन बैलगाड्या आल्या. मी रस्त्यात जाऊन उभी राहिले.

"भाऊ, वाटेत सायकलवाले मास्तर दिसले?"

"नाई बाई. रस्त्यावर कोनीच नाई दिसलं."

मला एकच चित्र दिसायला लागलं. झाडाला टेकून बसलेले हे, आणि रुमाल. रुमालांची पिशवी तर माझ्याच सायकलीला होती.

काशीबाईनं माझा चेहरा पाहिला आणि हाका मारून नवऱ्याला, लक्ष्मणला, तळ्यावरून बोलावलं. तो गुडघाभर चिखलानं माखलेला, खांद्यावर जाळं. सगळं ऐकून म्हणाला, "घाबरू नोका. जंगलात मानूस हरवत नाई, वाट हरवते. चला, पाहून येऊ."

मी सायकलवर, तो शेजारी लांब लांब ढांगा टाकत. माझ्यापेक्षा तोच जास्त वेळ पुढे होता. दीड-दोन मैल मागे गेल्यावर त्यानं हात वर केला. रस्त्याला उजवीकडे एक गाडीवाट फुटत होती. रात्रीच्या दवानं माती ओली होती आणि तिच्यावर एका टायरचा माग उमटला होता. घासून गुळगुळीत झालेला टायर. तो यांचाच. नवा टायर मी हट्टानं माझ्या सायकलीला लावून घेतला होता.

"हे तं नदीकडं गेले," लक्ष्मण म्हणाला. "इथून चामोर्शी जवळ हाय असं कोनीतरी सांगतलं असन. जवळ हाय खरं, पन पायी मानसाले. मधात नाला हाय."

"किती पाणी?"

"छातीइतकं. कुठी कमी, कुठी जास्त."

ती वाट सायकलीची नव्हती. माझी सायकल झाडाला टेकवून आम्ही चालू लागलो. आठवतील तितके देव आठवले. ज्याला पाण्यात हात सोडायलाही मी मनाई केली होती तो माणूस, छातीभर पाण्यात. मी मनात त्याला रागावत होते, मग माफ करत होते, मग पुन्हा रागावत होते.

नाल्याचा आवाज आला आणि त्याच्या वर दुसरा आवाज. कुणीतरी मोठ्यानं पाढे म्हणत होतं. एकोणीसचा पाढा. हे शाळेत ज्या चालीत म्हणायचे त्याच चालीत.

"एकोणीस सत्ते एकशे तेहतीस..."

झुडपांतून हे बाहेर आले. छातीपर्यंत भिजलेले, पायात चप्पल नाही, आणि खांद्यावर आख्खी सायकल. चेन तुटून लोंबत होती. मला पाहून थांबले. सायकल खाली ठेवली. जोरात श्वास घेत होते, पण तो श्वास ओझं उचलून आलेल्या कुठल्याही माणसाचा होता. त्यात घरघर नव्हती, खोकला नव्हता.

"चेन तुटली," ते म्हणाले. "नाला ओलांडला, पलीकडे वाट संपलीच, मग परत ओलांडला. सुमन, खायला काही आहे का? फार भूक लागलीय."

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. दीड वर्षात नव्हते रडले. दवाखान्यात नाही, इंजेक्शनं सुरू असताना नाही, घरमालकानं विहिरीवर येऊ नका म्हटलं तेव्हाही नाही. लक्ष्मण शहाणा माणूस. "मी सायकल घेतो मास्तर, तुम्ही बाईले घेऊन या," असं म्हणून पुढे निघून गेला.

हे माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "एक सांगू? पाढे मी उगाच म्हणत नव्हतो. चेन तुटली तेव्हा मी घाबरलो. एका दगडावर बसलो आणि खोकल्याची वाट बघायला लागलो. आता येईल, मग येईल. बराच वेळ बसलो. आलाच नाही."

"मग?"

"मग किती वेळ बसणार? सायकल उचलली."

म्हणजे त्यांचाही विश्वास बसला नव्हता. माझ्यावर ओरडले ते एवढ्यासाठी की मी त्यांची भीती मोठ्यानं बोलत होते. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच गोष्टीला, एकमेकांपासून लपून भीत होतो.

काशीबाईनं यांना लक्ष्मणचं धोतर नेसायला दिलं आणि गरम भात, वर मासोळीचा झणझणीत रस्सा वाढला. हे मूळचे शाकाहारी. डॉक्टरांनी अंडी सांगितली तेव्हा औषध म्हणून नाक दाबून खाल्ली होती. त्या दिवशी त्यांनी तीनदा भात मागून घेतला.

"पहिल्यांदाच खाऊन राह्यले ना मास्तर?" काशीबाईनं विचारलं.

"हो. ओळखलंत कसं?"

"काटे मोजून राह्यले तुमी."

मी हसले. किती दिवसांनी, ते मला सांगता येणार नाही. आणि मीही पोटभर जेवले. लक्ष्मणनं पुढे चामोर्शीपर्यंत आम्हाला बैलगाडीत बसवून दिलं. काही घे म्हटलं तर घेतलं नाही. "मार्कंड्याले चाल्ले ना? आमच्यासाठी नमस्कार करजा," म्हणाला. चामोर्शीला सायकलच्या दुकानात चेनची कडी बसवली.

मार्कंड्याबद्दल वाचायला तुम्ही आला असाल तर माफ करा, त्याच्यावर मी थोडंच लिहिणार आहे. नदी तिथे वळून उत्तरेकडे वाहते. काठावर दगडी देवळं, त्यांच्या भिंतींवर वितभरही जागा कोरी नाही. देव, हत्ती, नाचणाऱ्या बायका, आरशात बघणाऱ्या बायका. काही देवळं पडकी, शिळा गवतात विखुरलेल्या. सकाळी लवकर जा, उन्हाची तिरीप पूर्वेच्या भिंतीवर येते तेव्हा. आम्ही दोन दिवस राहिलो, पुजाऱ्यांच्या ओसरीवर. हे नदीत पोहले. मी वाळूत बसून पाहत होते, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्याकडे पाहत नाहीये, पलीकडच्या काठावर पाणी प्यायला उतरलेल्या गाईंकडे पाहतेय. लक्ष्मण आणि काशीबाईच्या नावानं नमस्कार केला. स्वतःसाठी काही मागायचं सुचलं नाही.

परतताना मार्कंड्यालाच नदी ओलांडली आणि पलीकडच्या गाडीवाटेनं मूलला आलो. स्टेशनपाशी हे म्हणाले, "तिकीट काढू?"

"कशाला? सायकलनंच जाऊ."

मूल ते चांदा अठ्ठावीस मैल. निम्मा रस्ता जंगलाचा. पाय भरून आले, माझ्या तळव्यांना फोड आले, आणि शेवटचे तीन मैल मीच मागे पडले. हे पुढे थांबून ओरडायचे, "थांबू या का?" मुद्दाम, माझ्याच आवाजात.

मागे वळून पाहताना वाटतं, देवळं होतीच, ती अजूनही आहेत. त्या प्रवासातून माझ्याजवळ राहिलं ते वेगळंच. सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या पहिल्या दुपारी मी भांडी घासून जरा आडवी झाले. आजारपणात मला यांची चाहूल गल्लीच्या तोंडापासून कळायची. पावलं, थांबणं, मग खोकला, मग पुन्हा पावलं. कितीही गाढ झोपेत असले तरी उठून दारात उभी असायची. त्या दुपारी डोळे उघडले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती, स्वयंपाकघरात स्टोव्ह फुरफुरत होता आणि हे दोन कप हातात घेऊन समोर उभे होते.

"केव्हा आलात?"

"अर्धा तास झाला. दोनदा हाक मारली. झोपली होतीस."