माझी बायको साधी नव्हती

बायको गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच म्हणतो, "लई साधी बाई होती." मी गप बसतो. लांबून आलेला असतो बिचारा, चहा पिऊन जाणार असतो. पण हे खोटं आहे. माझी बायको साधी नव्हती. ती नटायची, आणि नटून चारचौघांत ताठ मानेनं फिरायची. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं लिहून ठेवतो.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र डकवलेलं होतं. सोलापूरच्या कापड दुकानाचं जुनं कॅलेंडर, तिच्या आईच्या लग्नाच्या वेळचं. त्यातली बाई सायकलला टेकून उभी. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, कपाळावर केसांचा मोठा फुगा, कानाशेजारी फूल, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून हसणारी. लहानपणापासून हिला तसंच दिसायचं होतं. त्या वेळी गावातल्या पोरी नायलॉनच्या साड्या आणि घट्ट बाह्यांच्या मागं लागलेल्या. त्या हिला म्हणायच्या, "म्हाताऱ्यांची फॅशन." म्हाताऱ्या म्हणायच्या, "नटवी." हिला दोन्हीचं काही नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं डोकं कोण धुणार? तरी ही उजाडायच्या आत उठायची. जुन्या लुगड्याच्या चिंधीची गुंडाळी करायची, पुढचे केस तिच्यावरून वळवायची आणि आकडे खोचायची. मी आरसा धरायचो. आता त्याच आरशात मी दाढी करतो. दुसरं काय करणार? पदर घेतला की फुग्यावरून घसरायचा, मग तिथंही एक आकडा. दिवसभर घमेली वाहून संध्याकाळी आम्ही सगळे पिठात लोळल्यासारखे दिसायचो. हिचाही फुगा पांढरा व्हायचा, पण बसायचा नाही. गडी माझी टर उडवायचे, बायकोला भितो म्हणायचे. भीत नव्हतो. बघत बसायचो.

माझी आई मात्र रोज तोंड सोडायची. "आरं, तुझी सायकलवाली उठली का?"

ही आतून म्हणायची, "उठली, आत्याबाई. च्या बी झालाय."

दुष्काळ सरला. पुढं काही वर्षांनी गावात दूध सोसायटी निघाली. दूध घालायला येणार बाया, म्हणून माप धरायला बाईच पाहिजे असं ठरलं. ही सातवी पास. तिला ते काम लई पाहिजे होतं. मला म्हणाली, "अवो, खडी फोडताना समदे धुळीत. हितं मी खुर्चीवर बसंल. रोज गाव मला बघंल."

चेरमननं बोलावलं. आईच्या दोन म्हशी होत्या, म्हणून तीही आमच्यासंगं आली. दारात बायांची गर्दी. चेरमन हिच्याकडं न बघता मला म्हणाला, "काम देतो. पर असलं डोस्कं घिऊन न्हाई. घरंदाज बाईसारखे केस बसवून यायला सांगा."

मी हिच्या कानात म्हणालो, "काढ की. घरी गेल्यावर पुन्हा घाल."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. मग चेरमनला म्हणाली, "केस माझ्या डोस्क्यावर हायती, दुधात न्हाईत. अशी घेणार असाल तर येते." डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हात फुग्याला लागला नाही. ती जायला वळली. मला वाटलं, गेलं काम.

तेवढ्यात आई पुढं झाली. "चेरमन, माझ्या म्हशींचं दूध तुमाला लागतंय का न्हाई?"

"लागतंय की, काकू."

"मग त्ये हिच्याच हातानं मापलं जाईल. न्हाईतर राहील माझ्या घरात."

"आवं, तुमीच गावभर हिला नटवी म्हणत फिरताव की!"

"म्हणीन. माझी सून हाय ती. तुमी कोण?"

दारातल्या बाया फसकन हसल्या. एक म्हणाली, "आमचं बी तसंच धरा, चेरमन." त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "उद्यापासून या," म्हणाला, तेही मलाच.

दुसऱ्या दिवशी ही कानाशेजारी कण्हेरीचं फूल खोचून सोसायटीत बसली. फुग्याच्या बाह्या, ओठ पानानं लाल. सगळं गाव काही ना काही निमित्त काढून तिथनं गेलं, मीही दोनदा गेलो. रांगेत पहिला नंबर आईचा. तिनं किटली टेकवली आणि सुनेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मागला आकडा निसटलाय तुझा," म्हणाली. "हो जरा खाली."

हिनं मान वाकवली. आईनं तो आकडा नीट आत दाबला, फुग्याला वरून एकदा हात लावून बघितला, आणि मगच दूध ओतलं. मागं रांग खोळंबली होती.