खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून

टेबलावर पापड्या वाळत घातल्यात, माशा बसतील, अशा समजुतीने मी एकदा त्या गुलाबी चकत्यांवर वर्तमानपत्र पसरलं. त्या पापड्या नव्हत्या, मॅकरॉन होते. ओव्हनमध्ये जाण्याआधी वरून कोरडे व्हावेत म्हणून पंख्याखाली ठेवलेले. कागद निघाला तो अर्ध्या चकत्या घेऊनच, आणि उरलेल्यांवर छापील अक्षरं उमटली. नानांनी चष्मा लावून एक चकती निरखली आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, कांद्याचा भाव आलाय यावर. पण उलटा हाय." त्यांची सबंध दुपारची मेहनत गेली होती.

नाना म्हणजे माझे सासरे, पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे व्यापारी. लिलावात त्यांनी बोली लावली की हायवेवरच्या टेम्पोवाल्यालाही ऐकू जायची, असं लोक सांगत. आमच्या लग्नात त्या आवाजाला दचकून मी मंगलाष्टकं संपायच्या आधीच हार घातला होता. मेहुणे त्यावर अजून हसतात. तोच माणूस आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये कुजबुजल्यासारखा बोलायचा. "लेकीच्या घरात आवाज चढवू नाय," म्हणायचे.

सासूबाई गेल्यावर मंगल, म्हणजे माझी बायको, त्यांना घेऊन आली. थोड्या दिवसांसाठी आलेले नाना वर्षभर राहिले, पण पाहुण्यासारखे. कपड्यांची पिशवी कधी कपाटात रिकामी केली नाही. फ्रीज उघडण्याआधी विचारायचे, "मंगल, गार पाणी घेऊ का गं थोडं?" मंगल आधी हसायची, पुढेपुढे चिडायची. मला म्हणायची, "त्यांच्या घरात मी कधी विचारून पाणी प्यायले होते का हो?" मी स्वतः या घरात विचारूनच पाणी पितो.

ओव्हन आमच्या ईशाचा. लेक नोकरीला बेंगळुरूला गेली आणि तो मागे राहिला. नानांना रिकामं बसवेना, म्हणून तिने व्हिडिओ कॉल करून आजोबांना खोबऱ्याचे मॅकरून शिकवले. अंड्याचा पांढरा भाग, साखर, खोबऱ्याचा कीस, झालं. पहिल्याच दिवशी असे जमले की मंगलने सोसायटीभर वाटले. नानांना त्याचं काही वाटलं नाही. "खोबरं गरीब जनावर हाय. कसंबी हाका, जातं. ईशीला आवडतात ते दुसरे." दुसरे म्हणजे मॅकरॉन. बदामाच्या पुडीच्या दोन गुळगुळीत चकत्या, मधे क्रीम, आणि चकतीला खालून झालरीसारखी कड. त्या कडेला करणारे लोक पाय म्हणतात. दिवाळीला ईशा येईल तेव्हा चांगले पाय फुटलेले मॅकरॉन तिच्यापुढे ठेवायचे, एवढं नानांनी मनात धरलं.

स्वयंपाकघरात ते वेगळेच दिसायचे. अंड्यांचं पिवळं अलगद वाटीत काढायचे. ते माझ्या वाट्याला. माझा रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी लग्नकार्य होतं का. पांढरं फेटून घट्ट झालं की नाना भांडं थेट स्वतःच्या टोपीवर उपडं धरायचे. "सांडलं नाय, म्हंजे झालं." टोपीला कधी थेंब लागला नाही.

तरीही दर वेळी चकत्यांना तडे जायचे. ईशा फोनवरून सांगून थकली, "आजोबा, ट्रे जोरात आपटा ओट्यावर. आतली हवा निघाली पाहिजे." नाना आपटायचे, पण ओट्यावर गोधडीची चौपदरी घडी घालून.

"नाना, बाळाला थोपटल्यासारखं काय करताय? आपटा की," मंगल म्हणायची.

"खालचे लोक तुला बोलतील."

"बोलू देत. तुमचंच घर आहे ना?"

"घर तुझं हाय मंगल. माझ्यापायी तुला कुणी बोलायला नको."

गोधडीवर हवा निघायची नाही आणि तडे चुकायचे नाहीत.

दिवाळी तोंडावर आली होती. एका दुपारी मी सोफ्यावर पेंगत असताना स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. मग आणखी एक. जाऊन पाहतो तर नाना स्वतःशीच पुटपुटत उघड्या ओट्यावर ट्रे आपटत होते. गोधडी पलंगावरच राहिली होती, आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. मंगलने मला डोळ्यांनी दटावलं, बोलू नका. चकत्या वाळल्यावर ट्रे आत गेला आणि नाना ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. हळूहळू काचेतून दिसायला लागलं. एकही तडा नव्हता आणि चकत्या खाली झालर धरून वर उचलल्या जात होत्या. मला आनंद झाला की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. नीट दिसावं म्हणून मी ओव्हनचं दार उघडलं.

"दार लाव आधी. अक्कल गहाण ठेवली का रे?"

लिलावातला आवाज. खिडकीतली कबुतरं उडाली. बाहेरच्या हवेनं चकत्या आमच्यादेखत खाली बसल्या. मी कोपऱ्यात सरकलो, आणि मंगल ओट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. "अहो, ओरडले," ती मला म्हणाली. "नाना ओरडले."

नानांचा चेहरा मात्र पार उतरला होता. जावयाला, त्याच्याच घरात, अरेतुरे. मी परोपरीने सांगितलं की ऑफिसात मी रोज याहून वाईट ऐकतो. ते मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी मेहुणा गाडी घेऊन दारात. नानांनीच फोन केला होता. पिशवी भरायचीही नव्हती. मंगलने त्यांचा हात धरून ठेवला, तेव्हा म्हणाले, "जाऊ दे बाई. घर कुणाचं हाय ते इसराया लागलो व्हतो मी."

दिवाळीत ईशा पिंपळगावला जाऊन त्यांना भेटली. नंतर थंडीत छातीत कफ साठल्याचं निमित्त झालं आणि नाना गेले.

पिंपळगावला दहाव्याची माणसं उठल्यावर मंगलच्या वहिनी तिच्याजवळ येऊन बसल्या. "ताई, शेवटी शेवटी एकच धरलं व्हतं त्यांनी. मला घरी न्या, ओव्हन चालू राह्यलाय. आम्ही म्हणायचो, नाना, घरीच हायेत तुम्ही. तर म्हणायचे, हे नाय, घरी. आता आमच्याकडं कुठला आलाय ओव्हन?"

मंगलने त्यांच्या हातावर नुसता हात ठेवला. परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा काहीतरी बोलायला गेलो आणि दोन्ही वेळा चुकीचा गिअर टाकला. ओझर मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पोचलो की आधी ओव्हन बघा. नाना म्हणाले म्हणजे चालूच राहिला असेल."